मॅरेथॉननंतर बाराव्या दिवशीही अंगात त्राण नाही: काय चाललंय आणि पुढे काय करायचं

प्रश्न असा आहे: वय ४१, वजन ६५ किलो, शाकाहारी, नाशिकच्या सातपूरमधल्या कंपनीत पाळ्यांची नोकरी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन ४ तास ३५ मिनिटांत केली. मांड्यांचं दुखणं पाचव्या दिवशी गेलं. आठव्या दिवशी नेहमीच्या वेगाने १० किमी पळून पाहिलं आणि तेव्हापासून अंग मोडून आल्यासारखं वाटतं. पहाटे तीनला जाग येते, जेवणावर वासना नाही, सकाळची नाडी ५४ ची ६२ झाली आहे. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर एसजीओटी (यकृताच्या तपासणीतला एक आकडा) वाढलेलं आलं. आज बारावा दिवस, शुक्रवार. तीन आठवड्यांनी शनिवारी ३०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, आहे. हा आजार आहे का, पुन्हा कधी पळायचं, बीआरएम सोडायची का?

आधी थेट उत्तर देतो. या लक्षणांवरून आजारापेक्षा अर्धवट भरून आलेल्या शरीरावर आठव्या दिवशी टाकलेलं ओझं जास्त दिसतं. आजपासून रविवारपर्यंत धावणं पूर्ण बंद ठेवा. रात्रीची झोप आणि जेवणाचं प्रमाण आजच दुरुस्त करा. सोमवारपासून काय करायचं ते नाडी ठरवेल. बीआरएमचा निर्णय आज घेऊ नका, त्यासाठी अजून दोन आठवडे हातात आहेत. मात्र छातीत दुखणं, धडधड, भोवळ, साध्या चालण्यानेही दम लागणं, ताप किंवा एकाच पोटरीला सूज, यांपैकी काहीही असेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जा.

पाचव्या दिवशी दुखणं गेलं म्हणून आठव्या दिवशी पळालात, ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. त्याचं कारण नीट समजून घेतलं तर पुढच्या शर्यतीनंतर ती टळेल. घराचा जिना उतरताना मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवून बघा. पाय खालच्या पायरीवर टेकतो तेव्हा तो स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजन धरून ठेवत असतो, ब्रेक लावल्यासारखा. धावताना प्रत्येक पावलाला हेच होतं, फक्त वजनाच्या दुप्पट-तिप्पट भाराने. साडेचार तासांच्या मॅरेथॉनमध्ये अशी ४०-४५ हजार पावलं पडतात. स्नायूच्या आतले बारीक धागे जागोजागी तुटतात. तो मुकामारच असतो, फक्त वरून काही दिसत नाही. पेडर रोडचा चढ सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण मांड्या मोडतात त्या त्याच्या पलीकडच्या उतारावर.

आता दुखणं म्हणजे काय? तुटलेल्या जागी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात आणि २४ ते ७२ तासांत दुखणं कळसाला जातं. चार-पाच दिवसांत सूज ओसरली की दुखणंही जातं. धागे पुन्हा विणायचं काम मात्र तेव्हा जेमतेम मार्गी लागलेलं असतं. त्याला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे दुखणं थांबणं ही सूज उतरल्याची खूण आहे, दुरुस्ती पुरी झाल्याची नाही.

थकवा हा एकच नसतो, त्यामुळे त्याची फेडही एका वेळी होत नाही. पाणी आणि मीठ एका दिवसात भरून येतं. स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, एरवी नीट जेवलं तर २४ ते ४८ तासांत भरतो, पण मार बसलेला स्नायू साखर नीट आत घेत नाही, म्हणून मॅरेथॉननंतर तो आठवडाभरही कमी राहू शकतो. स्नायूंची विणकामं त्याहून लांब. आणि सगळ्यांत शेवटी सावरते ती मज्जासंस्था, झोप, भूक आणि मन. पहाटे तीनची जाग, अन्नावरची वासना उडणं, वाढलेली नाडी ही या शेवटच्या थराची लक्षणं आहेत. शरीर अजून शर्यतीतच असल्यासारखं ताठ आहे.

पूर्वीच्या धावपटूंचा एक ठोकताळा आहे: शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस कष्टाची धाव नाही. पूर्ण मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणजे २६ दिवस. यामागे काटेकोर गणित नाही, पण नोकरी-घर सांभाळून पळणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला हा हिशेब चपखल बसतो. तुम्ही तो आठव्याच दिवशी मोडलात.

एसजीओटीबद्दल आधी निर्धास्त व्हा. हे द्रव्य फक्त यकृतात नसतं, स्नायूंतही असतं. स्नायूंचे धागे तुटले की ते रक्तात उतरतं. त्याच दिवशी सीके, म्हणजे स्नायू तुटल्यावर रक्तात उतरणारं दुसरं द्रव्य, तपासलं असतं तर ते हजारांत आलं असतं, कारण मॅरेथॉननंतर एक ते चार दिवसांत ते शिखरावर असतं. क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशीही शर्यतीनंतर वाढलेल्या दिसतात, हृदयाचं ट्रोपोनिनसुद्धा अनेक धडधाकट धावपटूंमध्ये थोड्या काळासाठी वर जातं. म्हणून शर्यतीच्या आठवड्यात हौसेने तपासणीचं पॅकेज करायचं नाही, नाहक घाबरगुंडी उडते. उलटी फसवणूकही होते: फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, सूज असताना मुळातल्यापेक्षा जास्त दिसतो. लोह कमी असलेला माणूस अहवालात ठीक दिसतो आणि पुढे तीन महिने रडतखडत पळत राहतो.

तुम्ही पुढच्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे शर्यतीनंतर किमान अडीच आठवड्यांनी आणि आधी तीन दिवस जोराचा व्यायाम न करता, रक्त द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि पुन्हा एकदा एसजीओटी-एसजीपीटी एवढं पुरे. शाकाहारी माणसाने बी-१२ टाळूच नये. फेरिटिन ३०-३५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन चांगलं असूनही लांब पल्ल्याच्या धावपटूला थकवा जाणवतो. गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. घ्यावी लागली तर एक बारकावा लक्षात ठेवा: जोराच्या व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणून गोळी सकाळी, धावायच्या आधी किंवा विश्रांतीच्या दिवशी, लिंबाच्या किंवा आवळ्याच्या रसाबरोबर घ्यायची, आणि चहा तिच्यापासून निदान तासभर लांब ठेवायचा. आपल्याकडे नाश्त्याबरोबर चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, असं चालतं. अशी गोळी बरीचशी वाया जाते.

आता जेवण. तुमच्या प्रश्नात याचा एका वाक्यात उल्लेख आहे, पण माझ्या मते अर्धा घोळ इथेच आहे. शर्यत झाली, पळणं बंद, म्हणून माणूस जेवण कमी करतो. त्यात वजनकाट्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक-दोन किलो वाढलेलं दिसतं आणि तो आणखी हात आखडता घेतो. ती वाढ चरबीची नसते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, शिवाय सुजेचं पाणी वेगळं. ज्या पंधरवड्यात शरीराला दुरुस्तीचं सामान हवं असतं, नेमकं तेव्हाच आपण दुकान बंद करतो.

दुरुस्तीच्या काळात प्रथिनं वजनाच्या किलोमागे रोज १.६ ग्रॅम तरी हवीत. तुमच्या ६५ किलोला सुमारे १०५ ग्रॅम. शाकाहारी घरात हे पावडरीशिवाय जमतं, पण मोजावं लागतं, आपोआप जमत नाही. नमुना देतो. सकाळी मूग भिजवून वाटलेली तीन घावनं आणि पेलाभर दूध, सुमारे २३ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भात, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण आणि वाटीभर दही, ३० च्या आसपास. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे, १४. रात्री दोन भाकऱ्या, १०० ग्रॅम पनीर, वाटीभर वरण, ३५. झोपताना पेलाभर दूध, ८. बेरीज ११० होते. वरणाच्या नावाने पिवळं पाणी वाढलं जात असेल तर हा हिशेब कोसळतो. डाळ घट्ट हवी, आणि प्रत्येक जेवणात २०-३० ग्रॅम यायला हवीत. सगळी एकदम रात्री खाऊन तोच उपयोग होत नाही.

पिष्टमय पदार्थ आत्ताच्या दिवसांत किलोमागे पाच-सहा ग्रॅम पुरे, शर्यतीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सात-आठ हवेत. भात वाढवणं सगळ्यांत सोपं: शिजलेल्या वाटीभर भातात ४० ग्रॅमच्या आसपास. भूक नसेल तर मऊ भात-मेतकूट-तूप, दहीभात, नागलीची आंबील, उकडलेला बटाटा. सध्या द्राक्षांचा हंगाम आहे आणि पाव किलो द्राक्षांत सुमारे ४० ग्रॅम साखर मिळते. संध्याकाळी जेवणावर मन नसताना ती सहज पोटात जातात. त्याच द्राक्षांची वाइन मात्र शर्यतीनंतर दोन-तीन दिवस नको. दारूने स्नायूंची दुरुस्ती मंदावते आणि रात्रीची गाढ झोप तुटते.

उपासाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण याच महिन्यात संकष्टी, एकादशी, गणेश जयंती असं काही ना काही येतंच. शर्यतीनंतरच्या पहिल्या दहा दिवसांत कडक उपास नको. धरायचाच असेल तर दिवसभर साबुदाण्यावर राहू नका. त्यात पिष्ट भरपूर असतं, प्रथिनं जी येतात ती दाण्याच्या कुटातून. दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे यांवर भर द्या.

आणि सलाईन. अशक्तपणा वाटतो म्हणून 'एक बाटली लावून द्या' असं डॉक्टरांना सांगायची आपल्याकडे सवय आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण एका केळ्याएवढी. तोंडाने खाता-पिता येत असेल तर केळं खा आणि मीठ-साखरेचं पाणी प्या. बी-१२ची कमतरता तपासणीत दिसल्याशिवाय 'ताकदीचं इंजेक्शन'ही नको.

झोप. शर्यतीच्या रात्री झोप न लागणं स्वाभाविक असतं: पायांची ठणक, अंगात राहिलेली उष्णता, शर्यतीत खाल्लेल्या एनर्जी जेलमधलं कॅफिन. बाराव्या दिवशी पहाटे तीनला जाग येणं मात्र शरीर अजून सैल झालेलं नाही याची खूण आहे, आणि पुष्कळदा ती भुकेचीही असते. झोपण्याआधी दूध आणि दोन राजगिऱ्याचे लाडू खाऊन बघा, काही जणांची पहाटेची जाग तीन-चार रात्रींत थांबते. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. रोज आठ-नऊ तास अंथरुणात. या आठवड्यात रात्रपाळी लागत असेल तर ती बदलून घेता येते का बघा. नाहीच जमलं तर घरी आल्यावर खिडक्या झाकून आठ ते दोन झोप, आणि रात्रपाळी उतरून थेट पळायला जाणं पूर्ण वर्ज्य. दिवसाचे आठ तास मशीनवर उभं राहणं ही विश्रांती नव्हे, म्हणून त्या दिवशीचा 'आराम' वहीत आराम म्हणून लिहू नका.

सोमवारपासून काय करायचं ते नाडीवर सोडलं आहे, तेव्हा नाडी बरोबर मोजा. जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, लघवीला जाण्याआधी, पूर्ण एक मिनिट. गजराने दचकून उठलात तर पाच मिनिटं पडून राहा आणि मग मोजा. तुमची ५४ ही पायरी. ५८ च्या आत सलग दोन सकाळी आली तर पळायला सुरुवात. ६० च्या वर असेल तर फक्त चालणं, ५९-६० असेल तर अर्धा तास सपाटीवर हलक्या गिअरमध्ये सायकल. एक उलटी खूणही ओळखून ठेवा. धावताना दम लागतोय, पाय जड आहेत, पण घड्याळावरची नाडी नेहमीपेक्षा खाली राहते आणि जोर लावला तरी चढत नाही. लोकांना वाटतं फिटनेस वाढला. तो खोल थकवा असतो, अशा दिवशी तिथूनच घरी परतायचं.

नाडीबरोबर पायांचीही परीक्षा घ्या. जिन्याचे दोन मजले कठड्याला न धरता उतरा. मांडीत लटपट जाणवली तर स्नायू तयार नाहीत. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच वर-खाली करा. पूर्ण उंचीच्या २५ जमल्या पाहिजेत, दोन्ही पायांच्या आकड्यांत दोन-तीनपेक्षा फरक नको. एका बाजूला १५ वर पोटरी थकत असेल तर पळताना तो पाय लपवाछपवी करणार आणि दुखापत भलत्याच जागी निघणार, बहुधा टाचेच्या शिरेला किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला.

दोन्ही परीक्षा पास झाल्या तर तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड तीन धावा: पहिली २० मिनिटं, त्यातही चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. दुसरी २५, तिसरी ३० मिनिटं. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पळा, डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता टाळा, आणि तिथे कुणी ओळखीचं जोरात पुढे गेलं तरी मागे लागू नका. चौथ्या आठवड्यात ३५ ते ४५ मिनिटांच्या तीन धावा. पांडवलेणीच्या पायऱ्या, अंजनेरी, ब्रह्मगिरी हे सगळं पाचवा आठवडा संपल्यावर, कारण चढण्यापेक्षा उतरणं महाग पडतं. वेगाची धाव सहाव्या आठवड्यात. मधे एखाद्या सकाळी नाडी पुन्हा ६० वर गेली तर तो दिवस वगळायचा आणि जिथे होतो तिथूनच पुढे जायचं. बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात. बर्फाचं पाणी, १० ते १५ अंशांचं, १० ते १५ मिनिटं: ठणक कमी होते, दुरुस्ती लवकर होत नाही. आत्ता बाराव्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. मालीश दुसऱ्या दिवसानंतर, हलक्या हाताने, तेल लावून, हृदयाच्या दिशेने. पहिल्या तीन दिवसांत कचकचून रगडून घेतल्याने मुकामारावर मार बसतो. दाबाचे मोजे लांबच्या प्रवासात कामाचे, एरवी आवडीचा भाग.

वेदनाशामक गोळ्यांवर जरा थांबायला हवं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. शर्यतीत घामाने पाणी गेलेलं, तुटलेल्या स्नायूंचा कचरा रक्तात, आणि वरून ही गोळी, असं तीन बाजूंनी मूत्रपिंड कोंडीत सापडतं. शर्यतीच्या आधी, शर्यतीत आणि नंतर निदान दोन दिवस त्या नकोतच. अगदीच असह्य असेल तर पोटात अन्न असताना पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत. लघवी कोका-कोलासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या किंवा लघवीच होत नसेल तर गोळ्या शोधत बसू नका, त्याच तासाला रुग्णालयात जा.

पुढच्या वेळेसाठी पहिल्या सहा तासांचं लिहून ठेवा, कारण बारा दिवसांचा थकवा काही अंशी तिथेच ठरतो. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. पायांत उतरलेलं रक्त पोटऱ्यांच्या हालचालीनेच वर जातं. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. भोवळ आलीच तर आडवं होऊन पाय वर. ओले कपडे बदला. अर्ध्या-पाऊण तासात दोन केळी आणि पेलाभर गोड लस्सी किंवा दूध, दोन तासांच्या आत पोटभर जेवण. लांब पल्ल्यानंतर मिसळ खायची आपल्याकडे चाल आहे, आणि मटकी चांगलीच. पण शर्यतीत आतड्यांना रक्त कमी मिळालेलं असतं, तर्री झोंबते आणि जुलाब झाले की पाणी-मीठ सगळं पुन्हा गेलं. दोन-तीन तासांनी, तर्री कमी, दही जास्त.

पाण्याचा हिशेब काट्यावर करा. शर्यतीआधीचं आणि नंतरचं वजन, प्रत्येक घटलेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही चार-सहा तासांत थोडं थोडं आणि मिठाबरोबर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धं-मुर्धं नाही. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. वजन घटण्याऐवजी वाढलं असेल, अंगठी बोटात रुतत असेल, डोकं दुखून उलट्या होत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर रक्तातलं सोडियम खाली गेलेलं असू शकतं. अशा माणसाला साधं पाणी पाजू नका आणि डेक्स्ट्रोजचं सलाईन लावू देऊ नका. रुग्णालयात नेऊन 'सोडियम तपासा' असं स्पष्ट सांगा.

मग परतीचा प्रवास. मुंबईहून नाशिक साधारण १७० किमी, गाडीत चार तास पाय मुडपून. शर्यतीनंतर रक्त घट्ट झालेलं असतं, पोटऱ्या निपचित, अशा वेळी पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. दर तासाला उतरा, शहापूरला एकदा, कसारा घाट चढल्यावर इगतपुरीला एकदा, पाच-पाच मिनिटं चाला. गाडीत बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवत राहा. स्वतः गाडी चालवू नका. पुढच्या आठवड्यात कधीही एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर ते शर्यतीचं दुखणं समजून मालीश करू नका, त्याच दिवशी दाखवा.

थकवा किती दिवस चालला म्हणजे वेगळा विचार करायचा? वर सांगितल्याप्रमाणे विश्रांती, जेवण, झोप नीट होऊनही शर्यतीपासून चार आठवड्यांनी नाडी उतरली नाही, किंवा सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टर. मोठ्या शर्यतीनंतर आठ-दहा दिवस उदास वाटतं, महिनोन्‌महिने ज्या दिवसाकडे डोळे लावले होते तो संपलेला असतो. पण दोन आठवड्यांपलीकडे ते ओढत नेऊ नये. धावणाऱ्या बायकांनी पाळीकडे लक्ष द्यावं. सराव वाढल्यावर तीन महिने पाळी चुकली तर ती फिटनेसची खूण नव्हे, खाणं अपुरं पडत असल्याची तक्रार आहे, आणि तिचा परिणाम हाडांपर्यंत जातो. ताप आलेला असताना किंवा उतरून एक-दोनच दिवस झालेले असताना कुणीही पळू नये, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

आता बीआरएम. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आज इथल्या धावपटूंच्या घरातही सायकल असते आणि पळणं झालं की लगेच ब्रेव्हेची, म्हणजे बीआरएमसारख्या राइडची, नोंदणी होते. सायकलीत पाऊल आपटत नाही, त्यामुळे स्नायूंचा मुकामार फार कमी होतो. म्हणूनच चौतिसाव्या दिवशी ३०० करणं अशक्य नाही. पण त्याचा थकवा निराळा: २० तासांची मुदत, निम्मी रात्र रस्त्यावर, झोपेचं खातं रिकामं. जे खातं तुमचं आजच तुटीत आहे, तेच ही राइड पुन्हा उपसणार.

म्हणून चौथ्या आठवड्याच्या शनिवारी ८० किमीची एक राइड करा, दिंडोरीकडे किंवा त्र्यंबक रस्त्याने, बोलत बोलत जाता येईल अशा वेगाने, दर तासाला ५० ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट खात. मग रविवारी आणि सोमवारी सकाळची नाडी मोजा. दोन्ही दिवशी ५८ च्या आत, झोप पहाटेपर्यंत सलग, आणि रविवारी दुपारी स्वतःहून भूक लागली, तर जा. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तर ही ३०० सोडा, हंगामात पुढची तारीख येतेच. गेलात तर आधीचा आठवडा दोनच हलक्या राइड, आणि त्या आठवड्यात रात्रपाळी असेल तर हा निर्णय आपोआप 'नाही' असा समजा.

तळहात आणि करंगळी-अनामिकेकडे लक्ष ठेवा. हँडलवर तासन्‌तास एकाच जागी भार पडला की मनगटातली नस दबते आणि दोन्ही बोटं बधिर होतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला, मनगट मोडू देऊ नका. राइडनंतर बधिरपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही किंवा शर्टाचं बटण लावताना बोटं साथ देत नसतील तर दाखवून घ्या. आणि राइड संपल्यावर गाडीची किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. अठरा-वीस तास जागलेल्या माणसाला चालू गाडीत दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचं त्याला कळतही नाही. न्यायला कुणी येणार नसेल तर शेवटच्या कंट्रोलच्या (राइडमधल्या नोंदीच्या ठिकाणाच्या) आसपास झोपायची जागा आधीच ठरवून ठेवा, निदान दीड तासाची झोप काढा आणि मगच घराकडे निघा.